चित्रकाराचें वाचन

चित्रकारानें पुस्तकें कशासाठीं वाचावीं, असा प्रश्न पुष्कळांच्या मनांत येतो. त्याचें काम डोळ्यांचें आणि हाताचें. शब्दांशीं त्याचा संबंध काय? ह्या प्रश्नाला एक ठराविक उत्तर दिलें जातें. पुराणांतून, इतिहासांतून आणि काव्यांतून चित्रकाराला विषय मिळतात, हें तें उत्तर होय. शकुंतलेचें पत्रलेखन, हंस आणि दमयंती, हीं राजा रविवर्म्याचीं चित्रें ह्याच मार्गानें जन्मास आलीं. उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. कारण युरोपांत एक असा चित्रकार होऊन गेला कीं, ज्यानें जन्मभर पुस्तकांवर प्रेम केलें, ज्याच्या वाचनाचा पुरावा त्याच्याच हस्ताक्षरांत विपुल शिल्लक आहे, आणि तरीही ज्यानें कादंबरींतला एखादा प्रसंग म्हणून जवळजवळ कांहींच रंगविलें नाहीं. मग त्या वाचनाचा त्याच्या चित्रांना उपयोग तरी काय झाला?

हा चित्रकार म्हणजे हॉलंडचा व्हिन्सेंट व्हॅन गॉग. तो ३० मार्च १८५३ रोजीं जन्मला आणि २९ जुलै १८९० रोजीं वारला. सदतीस वर्षांच्या ह्या आयुष्यांतलीं चित्रकलेचीं वर्षें अवघीं दहा. त्यानें लिहिलेलीं आठशेंहून अधिक पत्रें आज उपलब्ध आहेत. त्यांतील बहुतेक धाकटा भाऊ थिओ ह्याला लिहिलेलीं आहेत. थिओची पत्नी योहाना हिनें थिओला आलेलीं पत्रें १९१४ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि २००९ सालीं सर्व पत्रव्यवहार टीपांसह सहा खंडांत छापला गेला. ह्या पत्रांतून रंग आणि पैसे ह्यांच्या काळजीबरोबर पुस्तकांच्या गोष्टी पानोपानीं येतात. अमुक कादंबरी वाचलीस काय, तमुक पुस्तक पाठवून दे, हें पुन्हां वाचलें आणि नव्यानें आवडलें, असा हा संवाद वर्षानुवर्षें चालला होता. त्याला कोणती परीक्षा द्यावयाची नव्हती कीं कोणापुढें विद्वत्ता मिरवावयाची नव्हती. तो आवडीनें वाचीत होता, इतकेंच.

व्हिन्सेंटचे वडील थिओडोरस हे ब्राबांट प्रांतांतील झुंडर्ट ह्या लहान गांवीं प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक होते. घर साधें, पण पुस्तकांचें. सोळाव्या वर्षीं, १८६९ सालीं, हा मुलगा हेग येथें चित्रांचा व्यापार करणाऱ्या गूपिल कंपनींत लागला. १८७३ सालीं कंपनीनें त्याला लंडनला पाठविलें आणि पुढें पॅरिसला. मातृभाषा डच, तिच्या जोडीला इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन ह्या भाषांत तो सहज वाचूं लागला. आवडलेल्या कविता आणि उतारे वह्यांत उतरून काढावे आणि त्या वह्या आप्तेष्टांना भेट द्याव्या, हा त्याचा छंद होता.

पण ह्या आवडीच्या वाटेंत एक मोठा अडसर आला, आणि तो त्यानें स्वतःच घातला. पॅरिस येथें असतांना धर्मश्रद्धेची एक तीव्र लाट त्याच्या मनांत उसळली. फ्रेंच इतिहासकार मिशले हा तोंपर्यंत त्याचा फार आवडता लेखक होता. १८७५ च्या सप्टेंबरांत त्यानें थिओला कळविलें कीं, मिशलेचीं आणि तशा प्रकारचीं सर्व पुस्तकें आपण काढून टाकणार आहोंत आणि त्यानेंही तसेंच करावें. पुढील वर्षीं नोकरी गेली. त्यानंतर इंग्लंडांत थोडे दिवस शाळेंत शिकविणें, डॉर्ड्रेख्ट येथें कांहीं महिने पुस्तकांच्या दुकानांत काम करणें, ॲमस्टरडॅमला धर्मशास्त्राच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास आरंभून तो अर्धवट सोडणें, असें करीत १८७८ च्या अखेरीस तो बेल्जममधील बोरिनाज ह्या कोळशाच्या खाणींच्या मुलखांत धर्मप्रचारक म्हणून गेला. तेथें त्यानें आपले कपडेलत्ते वांटून टाकले आणि खाणकामगारांप्रमाणें राहूं लागला. हें त्याच्या वरिष्ठांस मानवलें नाहीं. १८७९ सालीं तेंही काम संपलें.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं त्याच्याजवळ धंदा नव्हता, पैसा नव्हता, आणि घरच्या माणसांचा विश्वासही उरला नव्हता. ह्या स्थितींत १८८० च्या जून महिन्यांत त्यानें थिओला एक लांबलचक पत्र लिहिलें. आपण आळशी आहोंत हा आरोप खोडून काढणें हा त्या पत्राचा एक हेतु. आळशी नसल्याचा पुरावा म्हणून त्यानें काय पुढें केलें? आपलें वाचन! पुस्तकांची आपल्याला अनावर ओढ आहे आणि भाकरी खावी तितक्याच निकडीनें आपल्याला कांहीं शिकत राहावें लागतें, असें तो म्हणतो. आणि शेक्सपिअर, व्हिक्टर ह्यूगो, डिकन्स, बीचर स्टो, आणि टाकून दिलेला तो मिशलेसुद्धां, अशीं नांवें सांगतो. ह्या पत्रांत आणखी एक लक्षांत घेण्याजोगी गोष्ट आहे. अमक्या लेखकांत अमक्या चित्रकाराचा अंश आहे, अशा जोड्या तो जुळवितो: शेक्सपिअरमध्यें रेंब्रांचा, ह्यूगोमध्यें दलाक्र्वाचा. वाचायला शिकावें लागतें, जसें पाहायला आणि जगायला शिकावें लागतें, असा त्याचा अभिप्राय आहे. ग्रंथकार आणि चित्रकार ह्यांच्यामध्यें इतरांना जी भिंत दिसते ती ह्या माणसाला दिसतच नव्हती. त्याच वर्षीं त्यानें चित्रकार व्हावयाचें ठरविलें.

ह्या निश्चयानंतरचे पहिले महिने पुस्तकें वाचण्यांत गेले असें मात्र कोणीं समजूं नये. वाचनानें हात तयार होत नाहीं. शार्ल बार्ग ह्यानें विद्यार्थ्यांसाठीं काढलेले चित्रांचे कित्ते समोर ठेवून तो पुन्हां पुन्हां गिरवीत होता. हात कित्त्यांनीं घडविला. तो हात कोणाकडे वळवावा, राजाकडे कीं खाणींतल्या बाईकडे, देवतेकडे कीं बटाटे खाणाऱ्या कुटुंबाकडे, ह्या निवडींत पुस्तकांचा वांटा होता.

१८८१ सालीं तो एटन येथें आईवडिलांच्या घरीं राहिला. तेथें पुस्तकांवरून उघड भांडण झालें. मिशले किंवा ह्यूगो ह्यांचें फ्रेंच पुस्तक मुलाच्या हातीं दिसलें कीं वडिलांच्या डोळ्यांपुढें जाळपोळ करणारे, खुनी आणि अनीतीनें वागणारे लोक उभे राहत. फ्रेंच विचारांच्या नादीं लागून दारूच्या आहारीं गेलेल्या एका चुलत आजोबांचा दाखलाही त्याला ऐकविला गेला. ज्यांच्या घरांत मुलाच्या उशीखालून कादंबरी ओढून काढली गेली आहे, त्यांना ह्या दृश्याची ओळख करून द्यावयास नको. वडील वाईट नव्हते. मुलावर त्यांचें प्रेम होतें. परंतु पुस्तक माणसाला बिघडवितें ही त्यांची भीति आणि पुस्तकावांचून माणूस उपाशी राहतो ही मुलाची भावना, ह्या दोन गोष्टींचा मेळ त्या घरांत बसेना. त्या वर्षाच्या नाताळांत बापलेकांचा कडाका उडाला आणि व्हिन्सेंट घर सोडून हेगला गेला.

हेग येथें सीन नांवाची एक निराधार, गरोदर आणि पूर्वायुष्यांत रस्त्यावर पडलेली स्त्री त्याला भेटली. तिला त्यानें आश्रय दिला. १८८२ सालीं तिचें एक रेखाचित्र त्यानें काढलें: गुडघ्यांवर हात, हातांत तोंड लपविलेलें, उघडी पाठ वाकलेली. चित्राचें नांव ‘दुःख’. त्याच्या खालीं मिशलेच्या ‘स्त्री’ ह्या ग्रंथांतील एक वाक्य त्यानें लिहिलें आहे; जगांत एखादी स्त्री एकाकी आणि टाकलेली असावी हें कसें, असा त्या वाक्यांतला प्रश्न आहे. मिशलेच्या ग्रंथांत सीन नव्हती. ती हेगच्या रस्त्यांत होती. पण शेंकडों लोक तिच्या शेजारून निघून गेले आणि हा एक थांबला. त्या थांबण्यामागें त्याचा स्वभाव होता, त्याचा एकाकीपणा होता, आणि तें पुस्तकही होतें. चित्राखालचें वाक्य हा त्याचा त्यानेंच दिलेला कबुलीजबाब आहे.

ह्याच काळांत डिकन्सशीं त्याचें सख्य दृढ झालें. डिकन्सच्या नाताळच्या दोन गोष्टी आपण लहानपणापासून जवळजवळ दरवर्षीं वाचतों आणि त्या दरवेळीं नव्या वाटतात, असें त्यानें एका चित्रकार मित्राला कळविलें होतें. लंडनच्या ‘ग्राफिक’ ह्या सचित्र साप्ताहिकांतील गरिबांच्या जीवनाचीं लाकडी ठशांचीं चित्रें तो जमवीत असे. १८८३ च्या आरंभीं त्या साप्ताहिकाचे एकवीस जुने खंड त्यानें विकत घेतले. त्या चित्रांत ल्यूक फिल्ड्स ह्याचें एक चित्र होतें. ९ जून १८७० रोजीं डिकन्स वारला, तेव्हां फिल्ड्सनें त्याच्या अभ्यासिकेंतील रिकामी खुर्ची काढली होती. लेखक नाहीं, लेखकाची जागा आहे. ही खुर्ची व्हिन्सेंटच्या मनांत घर करून राहिली, आणि कांहीं वर्षांनीं ती दुसऱ्याच रूपानें बाहेर आली. ती गोष्ट पुढें येईलच.

१८८३ च्या अखेरीस तो नूनेन ह्या खेड्यांत परत आईवडिलांकडे आला. तेथें १८८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याचें पहिलें मोठें चित्र झालें: ‘बटाटे खाणारीं माणसें’. दिव्याच्या मंद उजेडांत एक शेतकरी कुटुंब एका ताटांतले बटाटे खात आहे. ज्या हातांनीं माती उकरली तेच हात ताटाकडे वळले आहेत. मिले ह्या फ्रेंच चित्रकाराचें साँसिए ह्यानें लिहिलेलें चरित्र व्हिन्सेंटनें १८८२ सालीं वाचलें होतें. मिलेचे शेतकरी जणूं त्याच जमिनीच्या मातीनें रंगविलेले आहेत, ह्या आशयाचा जुना अभिप्राय त्याच्या मनांत घोळत होता. आपल्या चित्रांतील रंगही न सोललेल्या धुळकट बटाट्याचा असावा, असें त्यानें ठरविलें. एका चरित्रग्रंथांतील वाक्यानें रंगाचा डबा बदलावा, हा वाचनाचा प्रभाव कांहीं लहान नव्हे.

हें चित्र आकार घेत असतांनाच, २६ मार्च १८८५ रोजीं, वडील एकाएकीं वारले. पुस्तकांवरून झालेलें भांडण अर्धेंच राहिलें होतें. आतां उत्तर देणारा उरला नाहीं. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत व्हिन्सेंटनें एक चित्र, एका बैठकींत, एका दिवसांत पुरें केलें. टेबलावर वडिलांचें जाडजूड, चामडी बांधणीचें बायबल उघडें ठेवलें आहे. शेजारीं मेणबत्ती आहे. ती विझलेली आहे. पुढें, टेबलाच्या कांठाशीं, एक लहानसें, हाताळून कोपरे दुमडलेलें, लिंबाच्या रंगाचें पुस्तक पडलें आहे. त्याच्यावरचें नांव वाचतां येतें: एमिल झोलाची ‘जीवनाचा आनंद’ ही कादंबरी. ती आदल्याच वर्षीं प्रसिद्ध झाली होती.

हें चित्र प्रथम पाहणाऱ्यास वाटतें कीं, मुलानें बापावर अखेरची मात केली. एका बाजूस करडा, थोर, जुना धर्मग्रंथ आणि विझलेली ज्योत. दुसऱ्या बाजूस चमकणारें पिवळें नवें पुस्तक. शिवाय नांव काय, तर ‘जीवनाचा आनंद’! परंतु ज्यानें दोन्ही पुस्तकें वाचलीं आहेत त्याला निराळेंच कांहीं दिसतें. बायबल यशयाच्या ५३ व्या अध्यायाशीं उघडें आहे. तसा आंकडा चित्रकारानें पानावर मुद्दाम घातला आहे. लोकांनीं तुच्छ मानलेला आणि दुसऱ्यांचीं दुःखें आपल्या शिरावर घेणारा देवाचा सेवक, हा त्या अध्यायाचा विषय. आणि झोलाची कादंबरी? तिचें नांव उपरोधाचें आहे. पोलीन नांवाची एक पोरकी मुलगी समुद्रकांठच्या एका नातेवाइकांच्या घरीं येते. ते तिचा पैसा हळूहळू खाऊन टाकतात. ज्याच्यावर तिचें प्रेम त्याचें लग्न दुसरीशीं होतें. आणि तरीही आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी, दुसरीचें मूल वाढविणारी, घर सावरून धरणारी तीच असते. म्हणजे यशयानें वर्णिलेला तो दुःखाचा वाहक झोलाच्या पानांत पोलीनच्या रूपानें पुन्हां भेटतो. बापाचें पुस्तक आणि मुलाचें पुस्तक एकच गोष्ट सांगत होतीं. हयातींत जें वडिलांना समजावून देतां आलें नाहीं तें मुलानें त्यांच्या पश्चात् एका टेबलावर मांडून ठेवलें. हा विजयाचा जयघोष नव्हे. उशिरा पोंचलेलें पत्र आहे. आणि ज्या वाचकानें कादंबरी केवळ चाळली असती त्याच्या हातून हें चित्र झालेंच नसतें.

१८८६ सालीं व्हिन्सेंट पॅरिसला थिओकडे राहावयास गेला. पॅरिसमध्यें त्याचे रंग उजळले, आणि पुस्तकांचीं चित्रेंही उजळलीं. त्या काळीं शार्पांतिए ह्या प्रकाशकाच्या कादंबऱ्या पिवळ्या कागदी वेष्टनांत साडेतीन फ्रँकांस मिळत. अशा कादंबऱ्यांचे ढीग त्यानें १८८७ च्या सुमारास रंगविले: पिवळीं, गुलाबी, हिरवीं वेष्टनें, कांहीं उघडीं, कांहीं पालथीं, नुकतींच कोणीं वाचून ठेविलीं आहेत अशीं. ‘पॅरिसच्या कादंबऱ्या’ ह्या नांवाचें त्याचें असें एक चित्र १८८८ च्या वसंतांत स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें होतें. दुसरे चित्रकार फळें आणि फुलें मांडून रंगवीत. ह्यानें पुस्तकें मांडलीं. धाकटी बहीण विल हिला त्यानें त्याच सुमारास लिहिलें कीं, जीवन जसें आहे तसें पाहावयाचें असेल तर झोला, मोपासां, गाँकूर बंधु, दोदे ह्यांना वाच. आणि मनमोकळें हसणेंही माणसाला हवें असतें म्हणून मोपासां वाच, राबले वाच, व्हॉल्तेअरचा ‘कांदीद’ वाच. रडण्यासाठीं आणि हसण्यासाठीं वाचावें, ही शिफारस पंडिताची नव्हे, रसिकाची आहे.

२० फेब्रुवारी १८८८ रोजीं तो दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथें पोंचला. तेथल्या वर्षांत वाचन आणि चित्र ह्यांच्यामधील अंतर फारच थोडें उरलें. पिएर लोतीची जपानविषयींची ‘मादाम क्रिसांतेम’ ही कादंबरी वाचून ‘मूस्मे’ म्हणजे लहान वयाची मुलगी हा जपानी शब्द त्याला मिळाला. जुलैमध्यें त्यानें आर्लच्या एका मुलीचें चित्र काढलें आणि त्याला तेंच नांव दिलें. आल्फोन्स दोदेच्या विनोदी ‘तार्तारँ’मध्यें तारास्कोंची एक जुनी टपाल-गाडी आपलें रडगाणें गाते, ऑक्टोबरांत एका खानावळीच्या अंगणांत व्हिन्सेंटला तशीच तांबडी-हिरवी गाडी उभी दिसली आणि ती त्यानें रंगविली. गाडी रोज तेथेंच उभी असेल. येणाऱ्याजाणाऱ्यांस ती जुनाट गाडी दिसली. ह्याला मात्र एक ओळखीचें पात्र भेटलें.

ऑक्टोबरच्या २३ तारखेस चित्रकार गोगँ त्याच्याकडे राहावयास आला. थोड्याच दिवसांत दोन खुर्च्यांचीं दोन चित्रें झालीं. व्हिन्सेंटची स्वतःची खुर्ची साधी, वेताची, दिवसाच्या उजेडांतली. तिच्यावर चिलीम आणि तंबाखू. गोगँची खुर्ची डौलदार, रात्रीच्या दिव्याच्या प्रकाशांतली. तिच्यावर पेटती मेणबत्ती आणि दोन कादंबऱ्या. माणूस नाहीं, माणसाची जागा आहे. डिकन्सची ती रिकामी खुर्ची अभ्यासकांना येथें आठवते ती उगीच नव्हे.

पण त्याच्या वाचनानें दिलेलें सर्वांत मोठें देणें म्हणजे ‘पाळणा हालविणारी’ हें चित्र. लोतीची ‘आइसलंडचा कोळी’ ही कादंबरी १८८६ सालीं प्रसिद्ध झाली होती. महिनोन्महिने धुक्यांत आणि वादळांत मासे धरणाऱ्या ब्रितानी किनाऱ्यावरील कोळ्यांची ती कथा आहे. तिच्या आरंभीं जहाजाच्या कोंदट कोठडींत ते लोक बसलेले असतात आणि भिंतीवर कुमारी मेरीची एक लहान मूर्ति असते. गोगँ पूर्वीं खलाशी होता. दोघांचें ह्या कोळ्यांविषयीं आणि त्यांच्या एकाकीपणाविषयीं बोलणें झालें. त्यांतून व्हिन्सेंटला एक कल्पना सुचली. त्या जहाजाच्या कोठडींत लावण्यासाठीं एक चित्र काढावें. तें पाहून त्या खलाशांना पाळण्याच्या झोक्याची आठवण व्हावी आणि आपल्या आईच्या अंगाई कानीं यावी. टपालखात्यांतील रूलँ ह्या त्याच्या मित्राची पत्नी चित्रासाठीं बसली. हिरव्या झग्यांतली ही घरेलू बाई, मागें फुलांची भिंत, आणि तिच्या हातांत पाळण्याची दोरी. पाळणा चित्रांत नाहींच. ती दोरी चित्राच्या बाहेर, म्हणजे पाहणाऱ्याच्या बाजूस येते; पाळण्यांत निजलेलें मूल म्हणजे पाहणारा स्वतः.

ह्या चित्राचा विचार केला म्हणजे आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. लोतीच्या कादंबरींतील एकही प्रसंग येथें नाहीं; समुद्र नाहीं, जहाज नाहीं, वादळ नाहीं. कादंबरी वाचणारे पुष्कळ चित्रकार त्या कोळ्यांचें चित्र काढतील. व्हिन्सेंटनें त्या कोळ्यांसाठीं चित्र काढलें. पुस्तकांतल्या माणसांचें दुःख त्याला इतकें खरें वाटलें कीं, त्यांच्या कोठडीच्या भिंतीवर काय असावें ह्याची त्यानें काळजी वाहिली. जो माणूस विषय शोधण्यासाठीं पुस्तक उघडतो त्याला विषय सांपडेल. पण अशी माया त्याच्या मनांत उपजणार नाहीं. ती केवळ आवडीनें, हरवून जाऊन वाचणाऱ्याच्या वांट्यास येते.

हें चित्र पुरें व्हावयाच्या आधींच, २३ डिसेंबर १८८८ रोजीं, त्याला वेडाचा पहिला झटका आला आणि त्यानें आपला कान कापून घेतला. बरा झाल्यावर त्यानें तें चित्र पुरें केलें आणि त्याच्या आणखी चार प्रती काढल्या. १८८९ च्या वसंतांत, रुग्णालयांत असतांना, त्यानें ‘टॉम काकाची कोठडी’ आणि डिकन्सच्या नाताळच्या गोष्टी पुन्हां फार लक्षपूर्वक वाचल्या. मुलांसाठीं सूप शिजवितां शिजवितां एका बाईनें लिहिलेलें पुस्तक म्हणून ‘टॉम काका’ आपण इतक्या बारकाईनें वाचलें, असें त्यानें बहिणीला कळविलें. मे महिन्यांत तो आपण होऊन सँ-रेमीच्या वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झाला. तेथें त्यानें थिओकडून शेक्सपिअर मागविला. थिओनें एक स्वस्त आवृत्ति पाठविली, आणि इंग्लंडच्या राजांचीं नाटकें तो वाचूं लागला. कित्येक शतकांपूर्वींच्या ह्या माणसांचे आवाज आपल्याला परके वाटत नाहींत, असें त्याला वाटलें. ज्याला स्वतःच्या मनाचा भरंवसा राहिला नव्हता त्याला एवढा आधार कमी नव्हता.

१८९० च्या फेब्रुवारींत त्यानें आर्लच्या एका उपाहारगृहाची मालकीण मादाम जिनू हिचीं चित्रें काढलीं. तीही आजारी असे. तिच्यापुढें टेबलावर दोन पुस्तकें आहेत: ‘टॉम काकाची कोठडी’ आणि डिकन्सच्या नाताळच्या गोष्टी. ज्या पुस्तकांनीं स्वतःला आजारांत सोबत केली तींच त्यानें दुसऱ्या आजाऱ्याच्या हाताशीं ठेविलीं. त्याच वर्षाच्या जूनमध्यें ओव्हेर येथें डॉक्टर गाशे ह्यांचें उदास मुद्रेचें चित्र झालें. त्या टेबलावरही गाँकूर बंधूंच्या दोन पिवळ्या कादंबऱ्या आहेत. पुढच्या महिन्यांत व्हिन्सेंटचा अंत झाला. पुस्तकें त्याला वांचवूं शकलीं नाहींत, हें सांगितलेंच पाहिजे. औषधाचें काम त्यांच्याकडून होत नाहीं. परंतु दहा वर्षें तीं त्याला माणसें दाखवीत राहिलीं, आणि तीं माणसें आज आपल्यापुढें भिंतीवर आहेत.

त्याचें एक चित्र मात्र भिंतीवर नाहीं. १८८९ च्या नोव्हेंबरांत सँ-रेमीहून लिहिलेल्या पत्रांत त्यानें थिओला आपल्या मनांतला एक बेत सांगितला आहे. संध्याकाळची वेळ, पुस्तकांचें एक दुकान, त्याच्या दर्शनी खिडकींतून पिवळा-गुलाबी उजेड बाहेर पडलेला, आणि पुढून जाणाऱ्या माणसांच्या काळ्या आकृति. हें चित्र एका बाजूस जैतुनांची बाग आणि दुसऱ्या बाजूस गव्हाचें शेत, अशा दोन चित्रांच्या मध्यें लावावें. कारण पुस्तकें हींही एक पेरणीच आहे. अंधारांतल्या दिव्यासारखें तें चित्र व्हावें, अशी त्याची इच्छा होती.

त्यानंतर तो आठच महिने जगला. गहूं रंगविला गेला, जैतून रंगविले गेले. मधली जागा रिकामी राहिली.